दुसऱ्या गिअरमध्ये घाट

ज्याच्याकडे गाडीचं लायसन्स असतं पण गाडी चालवता येत नाही, त्याच्या लायसन्सला आमच्याकडे 'कपाटातलं लायसन्स' म्हणतात. माझं कपाटातही सगळ्यात वरच्या कप्प्यात, थंडीच्या रजयांखाली होतं. मुलगी पोटात असताना काढलेलं. त्या मुलीचं, हे-रिनचं, आता लग्न झालंय, आणि तिचा मुलगा रो-उन एक वर्षाचा होत होता.

मी योम गुम-ओक. हेंगग्ये गावात, डोंगरावर, आमची तोकची गिरणी आहे. लोक तांदूळ आणून देतात, आम्ही ते भिजवून, दळून, वाफवून त्याचं तोक, म्हणजे तांदळाच्या मऊ वड्या, करून देतो. बारसं असो, लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, तोक आमच्याकडचं. आणि आता माझ्याच नातवाचा पहिला वाढदिवस, खाली समुद्रकाठी, गांगनुंगमध्ये. तिथे मऊ पांढरं तोक हवं आणि लाल चवळीच्या भुग्यात घोळवलेले ज्वारीचे गोळे हवेत. ते गोळे आजीनं स्वतःच्या हातानं करायचे असतात, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून.

सगळं ठरलं होतं. आणि वाढदिवसाला तीन आठवडे असताना माझे यजमान दुकानाची पाटी पुसता पुसता शिडीवरून पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं. उजवा हात गळ्यात बांधला गेला.

ह्यांचं नाव प्यो ग्वान-सू. ह्यांना पुसायचं भारी वेड. पाटी पुसतील, वजनकाटा पुसतील, आणि गाडी तर विचारूच नका. बारा वर्षांची आमची पांढरी गाडी, पण दर रविवारी तिला आंघोळ, मेण, मऊ फडकं. त्या गाडीच्या स्टिअरिंगवर दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मी कधी पाहिला नाही.

हे-रिनचा फोन आला. "आई, काळजी करू नको. त्या दिवशी सकाळी हे येतील तुम्हाला न्यायला."

"अगं, त्या दिवशी जावई पाहुण्यांकडे बघतील की आमच्याकडे? मीच येते गाडी घेऊन."

तिनं विचारलं, "कुठली गाडी?"

"आपली. आणखी कुठली?"

"बाबा चालवणार? एका हातानं?"

"मी चालवणार, दोन हातांनी."

का बोलले, कोण जाणे. पण बोलल्यावर मला इतकं बरं वाटलं की शब्द मागे घ्यायचा विचारच मनात आला नाही.

पहिला धडा ह्यांनीच दिला. गावाबाहेर मासे वाळवायचे लाकडी मांडव आहेत. थंडीत तिथे हजारो मासे लटकतात, पण शरदात मैदान मोकळं असतं. मी स्टिअरिंगला बसले, हे शेजारी, गळ्यात हात.

"ब्रेक! ब्रेक! अगं ब्रेक म्हटलं ना!"

"लावलाय! गाडी उभीच आहे!"

"मग एवढा आवाज कसला येतोय?"

"तुमचा!"

मी किल्ली काढून ह्यांच्या मांडीवर ठेवली आणि चालत घरी आले. हे तिथेच बसले होते. एका हातानं गाडी आणता येईना आणि सोडून यायला जीव होईना. शेवटी बटाट्याचा टेम्पो घेऊन जाणाऱ्या मा चुन-जा बाईंनी गाडी घरी आणून दिली, आणि ह्यांनाही.

चुन-जा बाई आता बटाटे लावतात, पण हायवेचे बोगदे व्हायच्या आधी त्या आमच्या गावातून गांगनुंगला उतरणाऱ्या देग्वाल्योंग घाटातून लांब पल्ल्याची बस चालवायच्या. बर्फात, धुक्यात, चाळीस माणसं मागे घेऊन. दुसऱ्या दिवशी मी गरम तोकचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

"बाई, मला शिकवा."

त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. "नवऱ्याला घरी ठेवणार असशील तर."

पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. चिखलाच्या बुटांनी गाडीभोवती फेरी मारली, मला मारायला लावली. गाडीखाली तेलाचा डाग आहे का, दिवे लागतात का, पुढचं झाकण उघडून तेल किती आहे. मग खिशातून शंभर वॉनचं नाणं काढलं, त्यावरच्या सेनापतीला उलटा केला आणि टायरच्या खाचेत डोक्यावर उभा केला.

"टोपी दिसते?"

"दिसते की. पूर्ण दिसते."

"पूर्ण दिसली म्हणजे टायर संपला. खाचेत बुडायला हवी." त्यांनी बोनेटमध्ये स्वतःचा चेहरा पाहिला, केस सारखे केले. "गाडीचा आरसा केलाय तुझ्या नवऱ्यानं, पण पायात चपला फाटक्या!"

हे दारात उभे राहून ऐकत होते. मग आत गेले. संध्याकाळी मात्र स्वतःच शिमच्या गॅरेजला फोन करून चारही टायर मागवले. शिम टायर बसवताना म्हणाला, "वहिनी, तुम्ही शिकताय ते बरं झालं. ग्वान-सू दादा ब्रेकचे पॅड असे खातात, जसे दुसरे लोक बिस्किटं खातात." मग आम्ही गाडीची डिकी रिकामी केली. मिठाची पोती निघाली, गिरणीचा एक मोडका दगड निघाला, कधीकाळच्या छत्र्या निघाल्या. हा सगळा संसार गाडी कित्येक वर्षं घाट चढवत होती आणि वर पेट्रोल पीत होती.

शिकवायची बाईंची एक पद्धत होती. मागच्या सीटवर एका ताटात टोफूची लादी ठेवायची. गाडी अशी चालवायची की लादी अख्खी घरी आली पाहिजे.

"आणि मोडली तर?"

"मोडली तर तुम्ही दोघांनी खायची."

त्या आठवड्यात आमच्या घरी रोज टोफूचं कालवण होतं. हे रोज वाटीत डोकावायचे आणि माझ्याकडे बघायचे. सोमवारी टोफूचा भुगा होता, गुरुवारी तुकडे झाले. "प्रगती आहे," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून ऐकलेली ती पहिली चांगली गोष्ट.

बाई फार बोलत नसत. "लांब बघ. नाकासमोर काय बघतेस, नाक कुठे जात नाही." किंवा, "पुढच्याला जागा दे. त्याची गाडी आहे, तुझ्या पदराला बांधलेली नाही." लांब बघायला लागले तसं मला कळलं की सिग्नल लाल व्हायच्या आधीच पाय उचलता येतो, गाडी आपली आपण मंदावते आणि ब्रेकला फारसं काम उरत नाही. टोफू त्यानंतरच अख्खा यायला लागला.

शेवटचे चार दिवस घाटात. हायवेनं गेलं तर झटकन पोचतो, पण बोगदे आणि मालाचे ट्रक यांची मला धडकी भरायची. जुना घाट वळणावळणाचा, पण शांत.

घाटमाथ्यावर बाईंनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. "तुझी गाडी ऑटोमॅटिक. म्हणून लोक दांडा तसाच ठेवतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेकवर उभे राहतात. तू दांडा बाजूला घे, खाली ओढ. दुसरा गिअर. आता इंजिनच गाडीला मागून धरेल. ब्रेक कशाला? वळणाच्या आधी, थोडा, आणि सोडून द्यायचा."

"आणि सारखा दाबला तर?"

"तापतो. मग वास येतो, केस जळल्यासारखा. मग धूर येतो. आणि मग तू पाय दाबतेस आणि खाली काही नसतं, चिखलात पाय गेल्यासारखं." त्या खालच्या वळणाकडे बघत म्हणाल्या, "तो वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही."

हे-रिननं कुरिअरनं एक मोठा स्टिकर पाठवला, मागच्या काचेला लावायला. बाईमाणूस गाडी हळू चालवायला लागली की मागचे पुरुष ओरडतात, 'घरी जा, भात कर!' म्हणून तिनं छापून घेतलं होतं: 'नवशिकी. भात करून आलेय.'

हे म्हणाले, "हे माझ्या गाडीला लावणार?"

"आपल्या गाडीला," मी म्हटलं आणि लावला.

शनिवार उजाडला तेव्हा गिरणीत वाफच वाफ होती. पांढरं तोक असं उतरलं की बोटानं दाबलं तर हसत वर येईल. ज्वारीचे गोळे मी एकटीनं केले, कुणाला हात लावू दिला नाही. डबे कापडात बांधून मागच्या सीटवर ठेवले, वरून पट्टा लावला. हे नवा कोट खांद्यावर टाकून उभे, एक बाही रिकामी. मी गाडीभोवती फिरले, वाकून पाहिलं, दिवे पाहिले.

"गाडी विकत घ्यायला आलीयस का?" हे म्हणाले.

"विचार चाललाय. मालक कसा आहे त्यावर आहे."

घाटमाथ्यावर लाल-पिवळी झाडं अशी पेटली होती की बघत राहावं. मी बघितलं नाही. दांडा बाजूला घेतला, खाली ओढला. इंजिनाचा आवाज चढला.

ह्यांनी दाराची कडी घट्ट पकडली. "अगं, इंजिन ओरडतंय!"

"ओरडू दे."

"फुटेल!"

"तुम्ही रोज ओरडता, फुटलात का कधी?"

हे पुढे बघायला लागले. पण ह्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणाला खालच्या चटईवर दाबला जात होता, नसलेल्या ब्रेकवर.

पाच-सहा वळणं गेली असतील. मागून एक निळी व्हॅन आली आणि अगदी चिकटून चालायला लागली. पुढे सरळ तुकडा लागला तसं मी रस्त्याच्या कडेला सरून वाट दिली. व्हॅन झपकन पुढे गेली. खिडकीतून रंगीत फिती फडफडल्या, आत नाचाचे कपडे घातलेली माणसं होती.

"बघ, असं चालवायचं असतं," हे म्हणाले.

माझं लक्ष पुढे होतं, कारण व्हॅनचे मागचे लाल दिवे पेटले होते ते विझतच नव्हते. वळण आलं, गेलं, पुन्हा सरळ रस्ता, दिवे लालच. आणि मग खिडकीतून तो वास आत आला.

"बघ! तुझं इंजिन जळालं!" हे ओरडले.

"आपलं नाही. अहो, त्यांचे ब्रेक जळतायत!"

पुढच्या चाकांमधून पांढरा धूर निघत होता. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. व्हॅनमधल्या एकानं हात बाहेर काढून 'काय झालं एवढं चिडायला' असं केलं. वेग कमी होईना. आता तर मला दिसत होतं की चालवणाऱ्याला तो कमी करायचाय आणि करता येत नाहीये. आपत्कालीन दिवे लुकलुकायला लागले. व्हॅन वळणावर पार बाहेरच्या कडेपर्यंत फेकली गेली.

पुढचं वळण केसाच्या आकड्यासारखं होतं. व्हॅन ते कशीबशी घेऊन खालच्या रस्त्यावर गेली आणि क्षणभर आमच्या अगदी खाली आली, उलट्या दिशेनं. माझा आवाज तिथपर्यंत पोचला नसता. पण माझ्या शेजारी जो माणूस बसला होता त्यानं तीस वर्षं गिरणीच्या घरघरीत गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्या होत्या.

"अहो! ओरडा! दांडा बाजूला घे, गिअर खाली ओढ म्हणा!"

ह्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग काच पूर्ण खाली, डोकं बाहेर, मोडकं हाड विसरून निम्मं अंग बाहेर.

"ए निळ्या व्हॅन! गिअर खाली ओढ! दुसरा! दुसराऽ! ब्रेक सोड, गिअर ओढ!"

डोंगरानं तो आवाज उचलून परत दिला. झाडांवरून पाखरं उडाली. मला वाटतं खाली गांगनुंगमध्येही कुणीतरी गिअर बदलला असेल.

आणि खालून इंजिनाचा आवाज आला, चढता, रडवेला, मला इतका गोड वाटलेला. व्हॅन मंदावली. आणखी मंदावली. पुढे जुना विसावा आहे, रस्त्याच्या कडेला थोडी चढाची जागा. व्हॅन त्या चढावर गेली आणि थांबली.

मी मागे गाडी लावली आणि धावले. एक साठीचा माणूस, पांढरे कपडे, छातीवर लाल-निळे पट्टे, दार उघडून बाहेर आला आणि तिथेच खाली बसला. त्याच्याबरोबर दोन बायका आणि एक पुरुष, कमरेला ढोल बांधलेले. चौघंही धडधाकट.

दुसरा पुरुष पाण्याची बाटली घेऊन धूर येणाऱ्या चाकाकडे निघाला.

"पाणी नको!" मी ओरडले. "तापलेलं लोखंड आहे, तडकेल. चाकांमागे दगड लावा. हँडब्रेकही ओढू नका. निवू दे आपला आपण."

त्यांनी मुकाट्यानं दगड लावले. मी इतक्या अधिकारानं बोलले होते की माझ्या काचेवरचा स्टिकर त्यांनी नंतर वाचला, तेव्हा एक बाई हसता हसता रडायला लागली.

बसलेल्या माणसाचं नाव ग्वाक. ढोलपथकाचे म्होरके. गांगनुंगच्या मासळीबाजारात दुपारी त्यांचा कार्यक्रम होता. त्यांचे हात थरथरत होते. "वहिनी, पाय दाबला तर खाली काही नव्हतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "काहीच नव्हतं."

मी एक डबा सोडला. वाढदिवसाला थोडं कमी पडलं तर पडलं. गरम पांढरं तोक त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते खाल्लं, मग दुसरं. ह्यांनी शिमला फोन केला, तो म्हणाला, "कुणीही ती व्हॅन चालवू नका, ब्रेकचं तेल उकळलं असणार, मी टोइंगची गाडी घेऊन येतो."

वाट बघायची होती. ग्वाकांचे हात अजून थांबेनात. तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईनं ढोल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक थाप मारली. मग दुसरी. थरथर थापेत गेली आणि थाप तालात. बाकीचे तिघं उठले, झांज आली, लहान ढोल आला, आणि त्या विसाव्यावर, लाल झाडांखाली, धुराच्या वासात ते असे वाजवायला लागले की जाणाऱ्या दोन गाड्या थांबल्या. एक सायकलवाला उतरून नाचायला लागला. हे मोडक्या हाडासकट खांदे उडवत होते.

"हात सांभाळा!" मी म्हटलं.

"हात नाही, खांदे आहेत!"

शिम आला. ग्वाक व्हॅनबरोबर त्याच्या गाडीतून येणार होते. उरले तिघं आणि ढोल.

"बसा आमच्या गाडीत," हे म्हणाले. मला आधी विचारलंही नाही.

डबे डिकीत नीट बसवले. मागे तिघं दाटीवाटीनं, मांडीवर ढोल, टोप्यांच्या लांब फिती खिडकीला लागलेल्या. मी सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय निघाले नाही. "आणि गाडीत वाजवायचं नाही," मी बजावलं. "घाट संपेपर्यंत टाचणीसुद्धा पडता कामा नये."

इंजिन पुन्हा ओरडायला लागलं. मागून एका बाईनं घाबरत विचारलं, "हा आवाज..."

"चांगला आवाज आहे," हे म्हणाले. "दुसरा गिअर. इंजिन गाडीला मागून धरतं. ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा." आणि माझ्याकडे न बघता, "बरोबर ना?"

"बरोबर."

शेवटच्या वळणाला खाली समुद्र दिसला, निळा, आडवा, सगळी बाजू भरून टाकणारा. मागच्या तिघांनी एकदम श्वास सोडला. मीसुद्धा.

सभागृहाच्या दारात हे-रिन रो-उनला कडेवर घेऊन उभी होती, घामाघूम. आम्हाला उशीर झाला होता आणि माझा फोन गाडीच्या खणात वाजून वाजून दमला होता. गाडी तिच्यासमोर येऊन थांबली आणि दारं उघडून आधी ढोल उतरले, मग फितींच्या टोप्या, मग तिचे बाबा, आणि स्टिअरिंगवरून मी.

"आई," ती म्हणाली, आणि ढोलांकडे बघत राहिली.

डबे आत नेताना त्या तिघांनी सुरू केलं. पुढे तोक, मागे ढोल. पाहुणे उठून उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले. रो-उन पहिल्यांदा भेदरला, ओठ काढला, मग झांज बघून दोन्ही हात हवेत फेकून खिदळला. ज्वारीचा पहिला गोळा मी त्याच्या ओठांना लावला तेव्हा त्याच्या हनुवटीवरून लाल भुगा ओघळत होता.

हे एव्हाना जेवणाच्या टेबलाशी गोष्ट सांगत होते. "आम्ही बघितलं, धूर! मी म्हटलं, दुसरा गिअर!"

तेवढ्यात ग्वाक आले. सरळ माझ्यासमोर येऊन कमरेत वाकले. "वहिनींनी सांगितलं म्हणून आम्ही आहोत."

हे मोठ्यानं म्हणाले, "अहो, पण आवाज कुणाचा होता?"

सगळं सभागृह हसलं, आणि सगळ्यात जास्त मी हसले, कारण ते खरंच होतं.

पथक मासळीबाजारात गेलं. पाहुणे पांगले. हे-रिन म्हणाली राहा, पण उद्या पहाटे गिरणीत दोन लग्नांचं तोक होतं. उन्हं कलायच्या आत निघालो. घाट चढताना मी गाडीला तिच्या चालीनं चढू दिलं, पाय हलका ठेवून. हे समोरच्या पडद्यावर वाकून बघत होते, लिटरला किती किलोमीटर पडतात ते.

"माझ्यापेक्षा जास्त दाखवतंय," हे नाराजीनं म्हणाले. "हे यंत्र बिघडलेलं दिसतंय."

"शिमला दाखवू."

"नको," हे म्हणाले. "बरंय तसंच."

पुढे काही आवाज आला नाही. मला वाटलं रुसले. एका वळणावर तिरप्या नजरेनं पाहिलं. हे झोपले होते. मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं, पाय सैल पसरलेले. इतक्या वर्षांत मी ह्यांना गाडीत झोपलेलं पाहिलं नव्हतं.

माथा आला, मागे पडला. गावचे दिवे लागत होते. मी आमच्या दारापर्यंत आले, वेग कमी केला, आणि ह्यांच्याकडे पाहिलं. उठवायचं जिवावर आलं. खरं सांगायचं तर मलाही उतरायचं नव्हतं. मी गिरणी मागे टाकली आणि माशांच्या मांडवांकडे वळले. त्या मोकळ्या मैदानाला सावकाश एक वळसा घातला, मग आणखी एक.